आधी नाडी पहा, मग पान्याला हात लावा



चैत्र-वैशाखाचे दिवस आपल्या बीड जिल्ह्यात कसे निघतात हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. विहिरीला हात-दोन हात पाणी, वीज येणार ठरल्या वेळेला, आणि तेवढ्या वेळातच घासाला, भाजीपाल्याला, चार मोसंबीच्या झाडांना पाणी पोचवायचे. अशा वेळी स्टार्टरचे हिरवे बटण दाबावे आणि मोटारीने हूं की चूं करू नये, यासारखी जिवाची घालमेल दुसरी नाही. मग धावाधाव सुरू होते. एकजण म्हणतो मोटार जळाली, दुसरा म्हणतो केबल गेली. चार माणसे गोळा करून मोटार वर काढायची, टेम्पोत घालायची, तालुक्याच्या गावी न्यायची. तिथे मिस्त्री जोडून पाहतो, तर मोटार ठणठणीत! दोष निघतो तो स्टार्टरच्या पेटीत, मुंग्यांनी भरलेल्या एका पट्टीत. मजुरी गेली, भाडे गेले, आणि मुख्य म्हणजे पाण्याची पाळी गेली.

दुखणे हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. बंद पडलेल्या यंत्राच्या बाबतीत ती रोज खरी होते.

आज शेतकऱ्याच्या घरात यंत्रे थोडी नाहीत. पंपाचा स्टार्टर आणि त्याला जोडलेला ऑटो, मोबाईलवरून चालणारा स्टार्टर, सौर पंपाची पेटी, पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप, रानडुकरांसाठी झटका मशीन, घरात टीव्ही आणि त्याचा सेट टॉप बॉक्स, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. यातले काही ना काही दर महिन्याला बिघडतेच. प्रत्येक वेळी मिस्त्रीच्या दारात उभे राहणे परवडत नाही, आणि आतले काही कळत नसताना पान्याने खोलत बसणेही परवडत नाही. या दोहोंमध्ये एक मधला रस्ता आहे. बिघाड कुठे आहे हे शोधण्याची एक रीत आहे. ती शिकायला शाळा लागत नाही. जनावर आजारी पडले की तुम्ही जसे आधी त्याचे कान, डोळे, रवंथ आणि शेण पाहता, तशीच ही रीत.

पहिली गोष्ट जिवाची

यंत्र पुन्हा मिळते, माणूस मिळत नाही. म्हणून आधी हे पाळा आणि मगच पुढचे वाचा.

मेन स्विच बंद केल्याशिवाय स्टार्टरची पेटी उघडू नका. नुसते लाल बटण दाबून वीज बंद होत नाही, मोटार फक्त थांबते. मेन स्विच पाडा, किटकॅटच्या तिन्ही ग्रिपा काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. ऑटो लावलेला असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. मोबाईलचा स्टार्टर असेल तर गावातून कोणीही बटण दाबू शकते. तुमचा हात पंपावर आणि घरी बसलेल्या पोराचा हात मोबाईलवर, असे झाले तर अनर्थ होईल. ग्रिपा खिशात असल्या की ही भीती उरत नाही.

ओल्या अंगाने, अनवाणी, चिखलात उभे राहून विजेला हात लावू नये. कंडेन्सर काढताना वीज बंद असली तरी सावध राहा. वीज गेल्यानंतरही तो काही वेळ आपल्या पोटात वीज धरून ठेवतो आणि चांगला झटका देतो. डीपीवर चढून डीओ टाकण्याचे धाडस तर कधीच करू नये. त्या तारांत ११,००० व्होल्ट असतात. ते काम लाईनमनचे. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

कोणी चिकटलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा. पण तुटून पडलेली खांबावरची मोठी तार असेल तर जवळही जाऊ नका, वीज बंद करायला लावा. माणूस सुटला की १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

शोधण्याची रीत

आता रीत पाहू. ती पाच गोष्टींची आहे.

एक, बाहेरून येणारे आधी तपासा. परळीचे औष्णिक वीज केंद्र तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते पूर्ण बंद ठेवावे लागले होते. कारण काय? गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून मिळणारे पाणी उरले नव्हते. एवढी मोठी यंत्रे, पण बाहेरून येणारी एक गोष्ट आली नाही तर ती नुसती उभी. तुमच्या यंत्राचेही तसेच आहे. आत काय बिघडले हे पाहण्याआधी त्याला वीज मिळते का, पुरेशी मिळते का, आणि पंपाला पाणी मिळते का हे पाहावे. निम्मे बिघाड इथेच सापडतात.

दोन, खोलण्याआधी डोळे, कान आणि नाक वापरा. करपल्याचा वास येतो का? तार काळी पडली आहे का? स्क्रूजवळ वितळल्याची खूण आहे का? गुणगुण येते की खडखड? पेटीत पाल, उंदीर, गांधीलमाशीचे मातीचे घर आहे का?

तीन, काल काय झाले ते आठवा. काल पाऊस झाला, वीज कडाडली, शेजाऱ्याने नांगर घातला, डीपी बदलला, नवी केबल जोडली. बिघाड बहुधा त्या शेवटच्या घटनेच्या आसपासच असतो. घरातल्या बायकामुलांनाही विचारा. दिवसभर पंपाचा आवाज त्यांच्या कानावर असतो. ‘दोन दिवसांपासून आवाज बदललाय’ हे त्यांनाच आधी कळलेले असते.

चार, मधोमध तोडून पाहा. पाइपातून पाणी येत नसेल तर तुम्ही मधला जोड सोडून पाहता. तिथपर्यंत पाणी आले तर दोष पुढे, नाही आले तर मागे. विजेच्या यंत्रालाही हीच युक्ती लावावी. एका फटक्यात अर्धा भाग संशयातून सुटतो.

पाच, एका वेळी एकच गोष्ट बदला. फ्यूज बदलला, तार बदलली आणि स्क्रूही आवळले, मग यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणे आलेच.

पंपाचा स्टार्टर काय सांगतो

स्टार्टर मुका नाही. तो आपल्या भाषेत बोलतो, फक्त ऐकायला हवे.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर आधी पेटीवरचे तीन दिवे पाहा. लाल, पिवळा, निळा तिन्ही सारखे लागलेले असावेत. तिन्ही बंद असतील तर वीजच नाही. एकच बंद असेल तर त्या फेजचा फ्यूज पाहा. एक दिवा लख्ख आणि दोन मंद असतील तर बहुधा डीपीवरचा एक डीओ उडालेला असतो. अशा वेळी आपली पेटी खोलण्यात अर्थ नाही. तिन्ही दिवे ठीक असतील तर ओव्हरलोड पडला आहे का, लाल बटण आत अडकून बसले आहे का आणि पेटीतला छोटा फ्यूज शाबूत आहे का, हे वीज बंद करून पाहावे. हे सारे ठीक असून स्टार्टर ओढत नसेल तर त्याची कॉइल गेली असावी.

इथे एक फसवणूक सांगून ठेवतो. पुष्कळजण मोटार जोडलेली असतानाच टेस्टर लावतात. एक फेज गेलेली असली तरी उरलेल्या दोन फेजची वीज मोटारीच्या वेढ्यांतून फिरून तिसऱ्या तारेवर येते आणि टेस्टर तिन्हीकडे पेटतो. माणूस म्हणतो, तिन्ही फेज आहेत, मोटारच बिघडली. खरे तर मोटार चांगली असते. म्हणून फेज पाहायच्या त्या मोटार बंद ठेवून, आणि टेस्टरपेक्षा पेटीवरच्या व्होल्टमीटरवर तिन्ही जोड्या पाहून.

बटण दाबून धरले तोवर मोटार चालते आणि बोट काढले की थांबते, असे असेल तर मोटार, केबल आणि फेज सगळे ठीक आहे. दोष आहे तो स्टार्टरला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्टीत किंवा तिच्या सुटलेल्या तारेत. हे काम मिस्त्री थोड्या वेळात करतो. यासाठी मोटार वर काढू नका.

स्टार्टर खडखड वाजत असेल तर बहुधा व्होल्टेज कमी आहे किंवा लोहचुंबकाच्या तोंडावर गंज आणि धूळ बसली आहे. तीन फेजची वीज साधारण ४१५ व्होल्ट असावी. ती ३५० च्या खाली उतरली की मोटार चालवण्याचा हट्ट धरू नये. व्होल्टेज थोडे उतरले तरी मोटारीचा जोर फार उतरतो. व्होल्टेज पाचवा हिस्सा कमी झाले तर जोर एक तृतीयांशाहून अधिक घटतो. मग मोटार जास्त वीज ओढते, तापते आणि जळते. दोन तास थांबणे हे मोटार भरून आणण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर क्षणाचाही वेळ न दवडता बंद करा. एक फेज गेली आहे किंवा पंप गाळाने जाम झाला आहे. विहिरीवरची मोनोब्लॉक असेल तर ग्रिपा खिशात ठेवून आस हाताने फिरवून पाहा. हाताने सहज फिरला तर दोष विजेत, नाही फिरला तर दोष पंपात. पाहा, एका परीक्षेत अर्धा संशय फिटला.

मोटार चालते पण पाणी थोडेच येते, आणि नुकतेच डीपीवर किंवा लाईनवर काम झाले आहे, तर मोटार उलटी फिरत असण्याचा संभव आहे. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल वायरमनकडून करून घेतली की काम होते. तसे काही झाले नसेल तर फूटव्हॉल्व्ह, हवा धरलेला पाइप आणि विहिरीतली पातळी पाहावी.

थोडा वेळ चालून ओव्हरलोड पडत असेल तर तो तुमच्या भल्यासाठी पडतो आहे. काही मिनिटे थंड होऊ द्या आणि एकदा पुन्हा लावून पाहा. परत पडला तर थांबा. मिस्त्रीला क्लँप मीटरने तिन्ही तारांतला करंट मोजायला सांगा. साधारण दर हॉर्सपॉवरला दीड अँपिअर धरतात, पण खरा आकडा मोटारीच्या नावपाटीवर असतो. तिन्ही तारांत करंट जवळपास सारखा हवा. एका तारेत फार वेगळा असेल तर दोष फेज, जोड किंवा वेढ्यांत शोधावा. तिन्हींत सारखाच पण जास्त असेल तर व्होल्टेज, गाळ किंवा बेअरिंग पाहावे. ओव्हरलोडचा काटा वाढवून ठेवणे आणि फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे राखणदार कुत्र्याचे तोंड बांधून झोपण्यासारखे आहे.

आणखी एक. दोनच फेज असताना कंडेन्सर लावून मोटार पळवण्याची खोड अजून काही ठिकाणी आहे. त्यात मोटार तापते, डीपीवर भार विषम पडतो, आणि डीपी जळाला की साऱ्या शिवाराचे पाणी बंद होते.

वहीत चिकटवलेला पतंग

मुंग्या आणि पाली या फक्त आपल्याच पेटीत शिरतात असे समजू नका. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बांधलेला मार्क टू नावाचा एक अवाढव्य संगणक होता. तो अशाच चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर चाले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो चुकू लागला. तिथल्या माणसांनी एकेक भाग तपासत नेला, तेव्हा एका पट्टीत पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो काढला आणि कामाच्या वहीत चिकटवून खाली नोंद केली. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, मोठ्या यंत्रातला दोषही पुष्कळदा क्षुल्लक असतो. दोन, त्यांनी ते लिहून ठेवले. स्टार्टरच्या पेटीची सगळी भोके रबरी बुचाने किंवा एम-सीलने बंद करावीत, दार घट्ट लागेल असे पाहावे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून कोरड्या रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडावी. पट्ट्यांना तेल-ग्रीस लावू नये. त्याला धूळ चिकटते.

फवारणी पंप आणि झटका मशीन

कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या फवारणीत बॅटरीचा पंप दगा देतो तेव्हा आधी कान द्या. बटण चालू केल्यावर आतल्या छोट्या मोटारीचा आवाज येतो का? आवाज येतो पण फवारा नाही, तर दोष विजेचा नाहीच. गाळणी, नोझल किंवा नळीत कचरा आहे. आवाजच येत नाही, तर बॅटरी, बटण किंवा तारेचा जोड पाहावा. पण पंप खोलण्याआधी तो स्वच्छ पाण्याने धुवा, औषधाचे हात लागू देऊ नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

बॅटरी पाहायला काही शे रुपयांचे साधे मल्टिमीटर घरात असावे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी काही तास तशीच ठेवल्यावर १२.६ च्या पुढे दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी समजा. भरून ठेवली की १२.६ दाखवते, पण पंप सुरू करताच आकडा धाडकन १० वर येतो, तर बॅटरी म्हातारी झाली. चार्जर लावताच लगेच हिरवा दिवा लागत असेल आणि पंप मात्र चालत नसेल, तर बॅटरी वीज घेतच नाही असे समजावे. हे मल्टिमीटर बॅटरीसाठी आणि बंद तारा तपासण्यासाठी वापरा. तीन फेजच्या तारांना ते लावणे वायरमनचे काम.

झटका मशीनच्या बाबतीत मधोमध तोडून पाहण्याची युक्ती फार कामाला येते. झटका कमी पडतो आहे? मशीन बंद करून कुंपणाची तार सोडा आणि मशीन एकटे चालवून पाहा. ते नेहमीसारखे ठराविक अंतराने टिक-टिक करीत असेल आणि त्याचा दिवा ठीक असेल, तर मशीन चांगले आहे, दोष कुंपणात आहे. तारेला गवत टेकले असेल, खुंटाचे इन्शुलेटर फुटले असेल किंवा अर्थिंगची जमीन सुकली असेल. मशीन एकटेही चालत नसेल तर बॅटरी पाहा.

आणि कान उघडे ठेवून ऐका. मशीन बिघडले म्हणून कुंपणात थेट लाईन सोडणे हा गुन्हा आहे. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचे पोर, आपलीच म्हैस किंवा रात्री पाणी द्यायला निघालेला आपलाच भाऊ लागतो. एका रात्रीच्या पिकासाठी दोन घरे उघडी पडतात.

सौर पंप असेल तर

मागेल त्याला सौर कृषी पंप योजना २०२४ मध्ये आल्यापासून शिवारात निळ्या पाट्या वाढल्या आहेत. सौर पंपात बिघाड शोधताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ऊन आहे तोवर पाट्या वीज तयार करीतच राहतात. स्विच बंद केला तरी पाटीपासून पेटीपर्यंतच्या तारांत वीज असते. त्या तारांचे जोड भर उन्हात ओढून सोडले तर मोठी ठिणगी पडते. म्हणून त्यांना आपण हात लावू नये.

आपण पाहायचे ते इतकेच. पाट्यांवर धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा साचली आहे का, एखाद्या झाडाची सावली पडते का, तारा उंदराने कुरतडल्या आहेत का, आणि विहिरीत पाणी आहे का. पाट्या सकाळी लवकर, थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, ती तडकते. पेटीच्या पडद्यावर दिसणारा आकडा किंवा अक्षर म्हणजे यंत्राने स्वतः सांगितलेले दुखणे असते. त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि पेटीवर चिकटवलेल्या क्रमांकावर कंपनीला कळवा. पाणी नसल्यामुळे पंप स्वतःहून थांबला असेल तर तो बिघाड नाही. योजनेतल्या पंपाला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. हमीच्या काळात पेटी स्वतः खोलली तर ती हमी हातची जाईल.

घरातली लहान यंत्रे

टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ असे दिसले की सेट टॉप बॉक्स दोन मिनिटे बंद करून पुन्हा लावा. मागची केबल हाताने घट्ट करा. पावसाने थोडा वेळ सिग्नल जाणे हा बिघाड नव्हे. वाऱ्याने छत्री हलली असेल तर ती पाहावी.

रिमोट चालत नसेल तर एक गंमत करा. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे पुढचे टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट चांगला आणि दोष टीव्हीकडे. नाही दिसला तर सेल बदला.

मोबाईल चार्ज होत नसेल तर आधी शेजारचा चार्जर लावून पाहा, मग दुसरी वायर. चांगली वस्तू लावून वाईट ओळखायची, ही सर्वांत स्वस्त परीक्षा. चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस आणि माती दडपलेली असते. मोबाईल बंद करून लाकडी दातकोरणीने हलकेच काढावी. पाण्यात पडलेला मोबाईल लगेच चार्जिंगला लावू नका. बंद करून सावलीत, वाऱ्यावर पुरता वाळू द्या. फुगलेली बॅटरी दिसली तर तो मोबाईल वापरूच नका.

मृगाच्या आधीच्या वळवात विजा फार होतात. गडगडाट सुरू होण्याआधीच टीव्हीचा आणि सेट टॉप बॉक्सचा प्लग व छत्रीची केबल काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर घेतले तर जवळ वीज पडण्याची सूचना मिळते. अर्थिंगही जिवंत हवे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जावे, म्हणजे माती ओलसर राहते.

ऊसतोडीला निघण्याआधी

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. त्या काळात यंत्रे निजून असतात, आणि निजलेले यंत्र चालत्या यंत्रापेक्षा जास्त बिघडते. फवारणी पंपाची बॅटरी रिकामी ठेवून गेलात तर परत येईपर्यंत ती मेलेली असते. निघण्याआधी ती पूर्ण भरा, पंप धुऊन वाळवून ठेवा, आणि घरी राहणाऱ्या आजोबा-आजींना महिन्यातून एकदा बॅटरी चार्जिंगला लावायला सांगून जा. टॉर्चमधले आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून पत्रे खातात. विहिरीत पाणी असेल तर कोणा विश्वासू माणसाला पंधरा दिवसांनी पाच मिनिटे मोटार चालवायला सांगा. परत आल्यावर पहिल्यांदा बटण दाबण्याआधी पेटी पाहा, तारा पाहा आणि मोनोब्लॉकचा आस हाताने फिरवा.

एक वही ठेवा

हार्वर्डच्या त्या वहीसारखी एक वही आपल्याही घरात असावी. शाळकरी मुला-मुलींकडे हे काम द्या, ती आवडीने करतात. मोटार कधी घेतली, किती हॉर्सपॉवरची, नावपाटीवरचा करंट किती, कधी भरून आणली, किती खर्च आला, काय दोष निघाला हे त्यात लिहावे. हमीची कागदे आणि पावत्या त्याच वहीत ठेवाव्यात. चांगल्या दिवशी व्होल्टमीटर आणि अँपिअर मीटर काय दाखवतात हेही लिहून ठेवा. निरोगी असतानाची नाडी माहीत असेल तरच आजारातली नाडी ओळखता येते.

एवढे सगळे करून दोष सापडला नाही किंवा काम आपल्या आवाक्याबाहेरचे निघाले, तर मिस्त्रीला जरूर बोलवा. आपल्याच गावातला एखादा आयटीआय शिकलेला मुलगा असेल तर त्याला हाक मारा. पण त्याला नुसते ‘मोटार बंद आहे’ असे सांगू नका. ‘तिन्ही दिवे लागतात, व्होल्टेज ४०० आहे, बटण दाबून धरले की चालते, सोडले की थांबते’ असे सांगा. मग तो नेमके सामान घेऊन येतो, एका फेरीत काम होते, आणि विनाकारण मोटार वर काढायचे कोणी सुचवत नाही.

बंधूंनो, पाण्याची पाळी आठवड्यातून मोजकी येते आणि पीक कोणासाठी थांबत नाही. हा लेख कापून स्टार्टरच्या खोलीत, पेटीच्या दाराआड चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी मोटार रुसली तर पान्याआधी याच्यावर नजर टाका, आणि त्याच्याही आधी ग्रिपा खिशात आहेत ना, हे चाचपून पाहा.